ट्यूनर घ्या, पण षड्जापुरता

मुलगा गिटारच्या क्लासला जायला लागला, मुलगी सतारीच्या, किंवा निवृत्तीनंतर आपणच हौसेने तानपुरा आणला, की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी सांगतं, ‘एक ट्यूनर घेऊन ठेवा.’ मग नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत सगळ्या घरांत तेच प्रश्न पडतात. कितीचा घ्यावा? मोबाइलवर फुकट मिळतो, मग विकत कशाला? आणि ट्यूनर एक दाखवतोय, गुरुजी दुसरंच सांगताहेत, तर ऐकायचं कुणाचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, ती आधी उरकतो. तिसऱ्यासाठी जरा बैठक मारावी लागेल.

तारेचं वाद्य असेल तर चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर घ्या. पाचशे-सातशे रुपयांत चांगला चालण्याजोगा मिळतो, त्याहून जास्त घालवायची घरच्या रियाजाला गरज नाही. हा ट्यूनर हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडातून येणारी थरथर घेतो. त्यामुळे शेजारी कुकरची शिट्टी झाली, टीव्ही चालू असला किंवा क्लासमध्ये पाच मुलं एकाच वेळी तारा पिळत बसली, तरी तो फक्त तुमच्या वाद्याचं ऐकतो. मोबाइलला हे जमत नाही. तो खोलीतलं सगळं ऐकतो आणि गोंधळतो. पण पेटी, बासरी, गळा यांना चिमटा लावणार कुठे? तिथे शांत खोलीत मोबाइलचं फुकटचं अ‍ॅप पुरतं. घरात फक्त पेटी असेल तर ट्यूनर विकत घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात घेताना खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. सुरू करून दाखवायला सांगा. त्यावर ‘क्रोमॅटिक’ ही सोय हवीच, म्हणजे बाराही स्वर तो ओळखतो. काही स्वस्त ट्यूनर फक्त गिटारच्या सहा तारांपुरते असतात. त्यांचा सतारीला किंवा तानपुऱ्याला काही उपयोग नाही, कारण आपला षड्ज काळी एकला असतो, काळी चारला असतो, गिटारच्या तारांशी त्याला देणंघेणं नाही. दुसरी गोष्ट, ४४० हा आकडा खाली-वर करता आला पाहिजे. निदान ४३० ते ४५०. हे बटण विकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर स्वतः शोधा. ते नसेल तर ट्यूनर परत ठेवा. कशासाठी ते पुढे सांगतो. बाकी पडदा अंधारात दिसतो का, चिमट्याच्या आत रबर आहे का (नाहीतर दांडीच्या पॉलिशवर ओरखडे), एवढं बघितलं की झालं. पायाने दाबायचे पेडल ट्यूनर स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी असतात. मुलाने हट्ट धरला तरी आत्ता नको म्हणा.

ट्यूनर काही आजचा नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या कॉन कंपनीने स्ट्रोबोकॉन नावाचं सूर मोजणारं यंत्र आणलं होतं. चांगलं पेटीएवढं धूड, ते शाळा-कॉलेजांत आणि वाद्यांच्या कारखान्यांत असायचं. १९७५ मध्ये जपानच्या कोर्गने हातात धरण्याजोगा, काट्याचा ट्यूनर काढला, तेव्हा कुठे तो वादकांच्या पिशवीत आला. आज तेच काम अंगठ्याएवढा तुकडा करतो.

घरात लहान मूल असेल तर इथे जरा थांबा. या ट्यूनरमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही आतून गंभीर भाजतं. सेलचं झाकण सैल असलेला ट्यूनर घेऊ नका, जुने सेल ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा.

आता वापराकडे. ट्यूनरच्या पडद्यावर आपले सा-रे-ग-म नसतात, सी-डी-ई असतं. याला बिचकू नका. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, एफ पांढरी चार, ए पांढरी सहा. शेजारी शार्पची जाळीसारखी खूण आली की ती काळी पट्टी. सी शार्प म्हणजे काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच. तुमचा षड्ज काळी एकला असेल तर पंचम काळी चारला, म्हणजे जी शार्पवर येतो. काळी चारच्या षड्जाला पंचम काळी दोनचा. काळी दोनच्या षड्जाला काळी पाचचा. एवढं एका कागदावर लिहून वाद्याच्या खोळीत ठेवलं, की निम्मी भीती जाते.

काटा मध्ये आला आणि हिरवा दिवा लागला की सूर लागला, असं सगळे समजतात. तो हिरवा दिवा कशाशी तुलना करून लागतो? तर ‘ए’ म्हणजे पांढरी सहा ही सेकंदाला ४४० कंपनांची, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १९५५ पासून ते अधिकृत आहे. नव्या कीबोर्डला, गिटारला, मोबाइलमधल्या तानपुऱ्याला तेच लागू. पण पंचवटीतल्या एखाद्या भजनी मंडळाच्या चाळीस वर्षांच्या पेटीला हे मानक कुणी कळवलेलं नाही. जुन्या पेट्या बहुतेक वेळा ४४० वर नसतातच. कुठली उतरलेली असते, कुठली चढलेली. पेटी आपल्या आपल्यात सुरेल असते, पण मोबाइलच्या तानपुऱ्याबरोबर वाजवली की दोघांचं भांडण सुरू होतं. मग मंडळी म्हणतात, पेटी बिघडली. पेटी बिघडलेली नाही. ती तिच्या जागी बरोबर आहे.

यावर उपाय घरच्या घरी करता येतो. पेटीचा एकच सूरसंच उघडा, बाकीच्या खुंट्या बंद करा, कप्लर असेल तर तोही काढा. दोन सूर एकदम वाजले तर ट्यूनरचा काटा डोलत राहतो. भाता एकसारख्या दाबाने मारा, जोर लावला तर सूर किंचित उतरतो. आता मधल्या सप्तकातल्या आठ-दहा पट्ट्या एकेक करून लांब वाजवा आणि काटा किती सेंट बाजूला आहे ते टिपा. सेंट हे माप आलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ मध्ये रूढ केलं. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट, सप्तकात १२००. समजा सगळ्या पट्ट्या साधारण वीस सेंट खाली दिसल्या. त्याला चारने भागा, पाच आले. म्हणजे ट्यूनरवरचा ४४० चा आकडा पाचने उतरवून ४३५ करायचा. झालं. आता हा ट्यूनर तुमच्या पेटीच्या मापाने बोलेल, आणि त्यावर लावलेला तानपुरा पेटीला चिकटून बसेल. मोबाइलच्या तानपुऱ्यातही सूर बारीक हलवण्याची सोय असते, तीही तेवढीच खाली घ्या. मगाशी ४४० बदलण्याच्या बटणाचा आग्रह धरला तो यासाठी.

मात्र पट्ट्या वेगवेगळ्या दिशांना पळत असतील, एक पाच सेंट वर आणि शेजारची पंधरा खाली, तर पेटी खरोखर जुळवायला झाली आहे. ती कारागिराकडे न्या. पेटीची पत्ती टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, हे व्हिडिओत बघून पुष्कळांना हात शिवशिवतात. खरवडलेलं पितळ परत भरता येत नाही. ट्यूनर हातात आला म्हणून पेटीवाल्याच्या पोटावर पाय देऊ नका, आणि आपल्या पेटीच्या तर नकोच नको.

आता मगाचा तिसरा प्रश्न, ट्यूनर खरा की गुरुजी? गिटार असेल, कीबोर्ड असेल, तर ट्यूनरचं ऐका. त्या वाद्यांचे पडदे आणि पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करूनच बसवलेल्या असतात आणि ट्यूनरही तोच हिशोब धरतो. पण गळा, तानपुरा, सतार, बासरी, व्हायोलिन यांचा हिशोब निराळा आहे. इथे पंचमापर्यंत ट्यूनर चालतो. षड्जावरचा खरा पंचम ७०२ सेंटवर असतो, ट्यूनर ७०० मागतो. दोन सेंटांनी कुणाचं बिघडत नाही. मध्यमाचंही तसंच. गंधाराला मात्र तो चुकतो. षड्जाशी मिळून येणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटवर आहे आणि ट्यूनरचा हिरवा दिवा ४०० ला लागतो. चौदा सेंटांचा फरक. धैवतात सोळा, निषादात बारा. कोमल गंधार आणि कोमल धैवत उलट्या बाजूला, ट्यूनरच्या खुणेच्या वर असतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक करून बघा. नीट लावलेला तानपुरा पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप डोकावतो. तो कुणी लावलेला नसतो, चारही तारांत गंधाराची तार नाही, तरी ऐकू येतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो सूर आहे, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो बरोबर ३८६ वर असतो. हाच गंधार मुलीने गळ्यातून अचूक लावला, तर मोबाइलवरचं अ‍ॅप तिला सांगेल की तू चौदा सेंट बेसूर आहेस. मग ती गंधार चढवेल, दिवा हिरवा होईल, आणि तानपुऱ्याशी तिचं फाटेल. आजकाल ‘तुमचा सूर तपासा’ अशी अ‍ॅप्स मुलांच्या हाती देणारे पालक भेटतात. त्यांना कळकळीची विनंती आहे की गाणाऱ्या मुलाचे स्वर ट्यूनरने तपासू नका. शिक्षक ‘गंधार जरा खाली घे’ म्हणत असतील तर ते चौदा सेंट त्यांच्या कानात आहेत.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९१० च्या आसपास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारांवर मोजमापं घेऊन बावीस श्रुतींचा हिशोब मांडला, त्यांच्या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँसाहेब गायले, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांच्या बरोबरीने श्रुतींची पेटी बनवून घेतली. साध्या पेटीचे बारा सारखे भाग आपल्या गाण्याला चालत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागेही हेच कारण पुढे केलं गेलं, आणि ती बंदी पुढे तीस वर्षं टिकली. बंदी अतिरेकीच होती. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याच पेटीतून काय काय काढून दाखवलं हे आपण जाणतो. पण पेटीवर एवढे तुटून पडलेल्या देशात त्याच बारा भागांचं यंत्र आज मुलांच्या गळ्याला परीक्षक म्हणून बसवलं जातंय आणि कुणी हूं की चूं करत नाही, याची मला मौज वाटते.

मग तानपुरा ट्यूनरने लावावा की नाही? लावावा, नवख्याने तर जरूर लावावा. पूर्वी शिकणाऱ्याची वर्षं तानपुऱ्याची खुंटी धरण्यात जायची आणि बरेच जण तिथेच कंटाळून घरी जायचे. सुरुवातीला ट्यूनरचा आधार घेतला तर बिघडत नाही, फक्त तो कुठवर घ्यायचा ते ठरवून घ्या. जवारीतला दोरा आधी बाजूला सारा. दोरा जागेवर असला की तारेत इतके उपसूर दाटतात की ट्यूनरला मूळ सूर सापडत नाही, आणि खर्जाच्या तारेवर तर तो खुशाल पंचम दाखवतो. तार मध्यावर, बोटाच्या मऊ भागाने हलकेच छेडा. घोडीखालचे मणी मधल्या जागी आणून ठेवा, म्हणजे पुढे दोन्हीकडे वाव राहील. तार आधी थोडी उतरवा आणि मग खालून वर चढवत आणा. वरून उतरवत थांबलेली तार दहा मिनिटांत आणखी उतरते. जोडातली, म्हणजे षड्जाच्या दोन सारख्या तारांतली, एकच तार ट्यूनरवर नेमकी लावा.

आणि मग ट्यूनर काढून ठेवा. जोडाची दुसरी तार पहिलीशी कानाने मिळवा. दोन्ही एकामागून एक छेडल्या आणि त्यांत किंचित फरक असला, की सूर वर-खाली लाटेसारखा हेलकावतो. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एका कंपनाचा फरक. मणी सरकवत गेलं की हेलकावे मंदावतात आणि शेवटी थांबतात. काळी एकच्या जोडाला चार सेकंदांत एक हेलकावा उरला, तर फरक जेमतेम तीन सेंटांचा आहे. स्वस्तातल्या ट्यूनरचा काटा तेवढ्यासाठी हलतोच असं नाही, कानाला मात्र तो हेलकावा स्वच्छ कळतो. म्हणजे षड्ज कुठे ठेवायचा एवढं यंत्राने सांगायचं, आणि तारा एकमेकींत मिळाल्या का हे कानाने. पंचम आणि खर्जही असेच कानाने मिळवा, मग दोरा सारून जवारी उघडा. आधी वीस मिनिटं लागतील, महिन्याभरात पाच.

सतारीच्या तरफांना ट्यूनरने वेळ वाचतो. तेरा-तेरा तारा, राग बदलला की पुन्हा. खुशाल वापरा, फक्त गंधार-धैवत-निषादाच्या तरफा शेवटी कानाने नीट करा. सतार किंवा तानपुरा मिरजेचा असेल (तिथल्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), तर खुंट्या घट्ट बसत नसल्यास थोडा खडू लावा, हातोडीने ठोकू नका.

तबल्यासाठी ट्यूनर घेऊ नका. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपसूर एकमेकांशी जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिलं. साध्या चामड्याचे जुळत नाहीत. पण चाटीवर ‘ना’ मारला की एक आकडा येतो, मोकळा ‘तू’ मारला की दुसराच. शिवाय तबला लावणं म्हणजे सोळाही घरं आपसात सारखी आणणं, आणि ते गजऱ्यावर हातोडी मारत, घर फिरवत कानानेच होतं. नाशिक ढोलाला ट्यूनर लागतो का, असंही एकाने विचारलं होतं. दोर ओढा, पानावर थाप मारा, अंगावर काटा आला की लागला.

बासरीवाल्यांनी आणि पहाटेच्या मैफलीत गाणाऱ्यांनी नाशिकची हवा ध्यानात ठेवायला हवी. हवेचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर बासरीचा सूर हिशोबाने तीसेक सेंट चढतो. डिसेंबरात निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते, त्या थंडीत पहाटे बासरी हातात घेतली तर ती उतरलेलीच असणार. म्हणून आधी पाच मिनिटं फुंकून गरम करा, मग ट्यूनरकडे बघा. तारांचं उलटं आहे. गारठ्यात पोलाद आकसून तार चढते आणि ऊन चढलं, दिवे तापले की उतरते. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारख्या उघड्यावरच्या कार्यक्रमात तानपुरे आदल्या रात्री लावून ठेवण्यात अर्थ नाही. वाद्यं अर्धा तास तिथल्या हवेत राहू द्या, मगच लावा, आणि पहिल्या रागानंतर पुन्हा बघा. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे तर चामडं रोज मऊ पडतं, तिथे ट्यूनरपेक्षा कोरडी खोली कामाची.

ट्यूनर मुळातच नको म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. विष्णु दिगंबर पलुसकर अखेरच्या वर्षांत याच पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. गाणं ही मूठभर घराण्यांची चीज न राहता घरोघर पोहोचावी, हा विष्णु दिगंबरांचा उद्योग होता. गुरू समोर नसताना घरी शिकणाऱ्याला षड्ज नेमका मिळवून देणारं साधन त्या उद्योगाच्या उपयोगाचंच आहे. त्याला विरोध करणाऱ्या जुन्या मंडळींशी माझं जमत नाही.

संगीत शिकवणाऱ्या शिक्षकांना एकच सांगणं आहे. मुलांना ट्यूनर आणायला सांगता तेव्हा तो कुठे बंद करायचा तेही त्याच दिवशी सांगा. जोडाचे हेलकावे ऐकायला दहा वर्षांचं मूलही एका बैठकीत शिकतं.

आणि भजनी मंडळांनी या एकादशीच्या आधी एवढं करावं. मंडळातल्या कुणा कॉलेजच्या पोराला मोबाइल घेऊन बसवावं, पेटी मोजून घ्यावी, आणि आलेला आकडा, ४३५ असो की ४४३, कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. नवा तबलजी, नवा बासरीवाला किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप लावणारा कुणी आला की त्याला आधी तो कागद दाखवावा.